गुरूचा न दिसणारा उजेड

हा गुरू आहे. ओळखीचे पट्टे दिसत नाहीत, लाल डागही नाही. मधली तबकडी जवळजवळ काळी आणि दोन्ही ध्रुवांवर पेटल्यासारखी कडी.

हे चित्र अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातलं, ३ ते ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचं. इथे गुरूवरचा मिथेन सूर्यप्रकाश गिळून टाकतो, म्हणून ढग काळे पडतात. चमकतोय तो त्याच्याही वर, शेकडो किलोमीटर उंचीवरच्या विरळ हायड्रोजनमध्ये तयार होणारा एक आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण. एच-थ्री-प्लस. तीन प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन, आकार समभुज त्रिकोणाचा.

चुंबकीय क्षेत्रातून वेगाने खाली येणारा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या रेणूवर आदळतो आणि त्याचा एक इलेक्ट्रॉन उडवतो. उरलेला आयन शेजारच्या रेणूला भिडतो, त्याला एक प्रोटॉन देतो, आणि त्रिकोण तयार. दिवसाच्या बाजूला हेच काम सूर्याचे अतिनील किरण करतात. ध्रुवांवर मारा जबर, म्हणून तिथे ही कडी, म्हणजेच ध्रुवीय प्रकाश. आणि कड्याबाहेरचा हा एकटा ठिपका बघा. आयो या उपग्रहाकडून निघालेला विद्युतप्रवाह इथे गुरूच्या वातावरणात उतरतो!

ही चमक कुणाची, हे मात्र दुर्बिणीने सांगितलं नाही. ते प्रयोगशाळेने सांगितलं. १९११ साली भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांना हा आयन विद्युत-विसर्जनाच्या नळीत, म्हणजे विरळ वायूतून वीज सोडलेल्या नळीत सापडला. त्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाशातल्या त्याच्या ठरावीक तरंगलांबीच्या रेषा, मिळायला १९८० उजाडलं. कॅनडात, ओटावाला, ताकेशी ओका यांनी नळी द्रव नायट्रोजनने थंड केली, तीत हायड्रोजन भरला आणि ४ मायक्रॉनच्या आसपास एकेक रेषा शोधून काढली. तेव्हा हे काम गुरूसाठी चाललेलं नव्हतं. शुद्ध कुतूहलाचं संशोधन होतं, आणि अशा संशोधनाला पैसा का द्यायचा असं विचारणाऱ्यांनी पुढची गोष्ट ऐकावी.

१९८८ च्या सप्टेंबरात हवाईतल्या मौना केआवरून गुरूच्या ध्रुवाकडे दुर्बीण लावलेली होती. २ मायक्रॉनजवळ अनोळखी रेषा उमटल्या. त्या याच आयनाच्या आहेत हे पटलं ते ओकांची मोजमापं आणि त्यावर उभं राहिलेलं गणित हाताशी होतं म्हणून. १९९२ मध्ये युरेनस आणि शनीवरही तो सापडला.

मौना केआचा हा माथा, उंची सुमारे ४२०० मीटर. अवरक्त प्रकाश शोषणारी वाफ बहुतेक खालीच राहते. वर्णपटमापकाची अरुंद फट ग्रहाच्या तबकडीवर आडवी धरतात आणि पडद्यावर या रेषा उमटतात. दोन रेषांच्या तेजाचं गुणोत्तर काढलं की तिथलं तापमान कळतं. रेषा किंचित सरकली, तर वाऱ्याचा वेग. यान न पाठवता, इथे बसून.

गुरूचं वरचं वातावरण नुसत्या सूर्याच्या उबेने उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असायला हवं. ते ४०० अंशांच्या वर आहे. मौना केआवरच्याच केक दुर्बिणीच्या नकाशांवरून २०२१ मध्ये दिसलं, की ही उष्णता ध्रुवीय कड्यांकडून विषुववृत्ताकडे वाहते.

उरला होता नेपच्यून. तीस वर्षं शोधूनही तिथे रेषा सापडेना. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या २०२३ च्या या निरीक्षणांत ती सापडली, ध्रुवीय प्रकाशासकट. केल्विनमध्ये मोजलेलं तापमान १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ यानाने नोंदवलेल्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त भरलं. थंड आयन फिका चमकतो, म्हणून जमिनीवरच्या दुर्बिणींना तो इतकी वर्षं दिसत नव्हता.