हिवाळ्यातल्या खडीवाटा आणि खिशाचा हिशेब

हिवाळ्यात ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, घेऊन बाहेर पडायचे ठरवल्यावर बहुतेक जण आधी पैशांचा हिशेब मांडतात. वास्तविक आधी उजेडाचा हिशेब मांडायला हवा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ५२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे लंडन-बर्लिनच्या आसपास, दिवस आठ तासांचाही नसतो. स्पेनमधील जिरोना ४२ अंशांवर आहे, तिथे तो सव्वानऊ तासांच्या आसपास असतो, आणि २८ अंशांवरील कॅनरी बेटांवर सव्वादहा तासांहून मोठा. सहलीचा खर्च जसजसा वाढतो, तसतसे आपण मुख्यतः हेच विकत घेत असतो: थोडा अधिक उजेड आणि कोरडी जमीन.

सर्वांत स्वस्त सहल घराच्या दारातून सुरू होते. दोन दिवस, एक मुक्काम, प्रवासभाडे शून्य. इथे तंबू नेऊन मुक्कामाचे पैसे वाचवण्याचा मोह होतो. पण उबदार स्लीपिंग बॅग, जमिनीचा गारवा अडवणारी चटई आणि सुकायचे नाव न घेणारे कपडे यांचे ओझे, शिवाय पंधरा तासांहून मोठी रात्र, हे सारे जमेस धरले तर एक साधी, गरम खोली कितीतरी किफायतशीर ठरते. हात आखडायचाच असेल तर नव्या चाकांवर आखडावा, छपरावर नव्हे.

कमी खर्चाच्या सहलीत सारे यश वाटेच्या निवडीवर अवलंबून असते, कारण उन्हाळ्यात सुरेख वाटणारी मातीची वाट पावसानंतर ओळखू येत नाही. चिकणमाती टायरला थरावर थर चिकटत जाते, टायर आणि फ्रेम यांच्यामधली बोटभर जागा भरून टाकते आणि काही मीटरांत चाक फिरायचे थांबते. अशा वेळी पेडलवर जोर देणे महागात पडते. चिखलात अडकलेला मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) ओढला जाऊन त्याला फ्रेमशी जोडणारा छोटा हँगर मोडू शकतो. काडीने चिखल खरवडावा, सायकल उचलून पुढे न्यावी, आणि आपल्याच फ्रेमला बसणारा एक जादा हँगर जवळ ठेवावा. चाळीस मिलिमीटरचा टायर चालवणाऱ्यांनी मडगार्डच्या आतही पुरेशी जागा उरते की नाही, हे घरीच पाहिलेले बरे.

म्हणूनच बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या वाटा हिवाळ्यासाठी उत्तम. आगगाडीला तीव्र चढ झेपत नसल्याने त्यांचा उतार सौम्य असतो आणि मूळच्या भरावामुळे पाण्याचा निचरा सहसा चांगला होतो. स्पेनमध्ये अशा मार्गांना व्हिआस व्हेर्देस म्हणतात आणि त्यांचा कार्यक्रम १९९३ साली सुरू झाला. ओलोतहून जिरोनाला आणि तिथून समुद्रकाठच्या सांत फेलिऊपर्यंत जाणारी जुनी अरुंद रुळांची वाट सुमारे ९५ किलोमीटरची आहे. तिचे सुखाने दोन दिवस करता येतात, आणि बार्सिलोनाहून जिरोनापर्यंत रेल्वे असल्यामुळे गाडी भाड्याने घेण्याचा खर्च टळतो.

विमान आले की सायकल न्यायची की तिथेच भाड्याने घ्यायची, हा मध्यम खर्चाच्या सहलीतला खरा प्रश्न. तीन-चार दिवसांसाठी भाड्याची परवडते. आठवड्याहून अधिक काळ जायचे असेल तर आपली न्यावी. खोक्यात भरताना पेडल काढावे लागतात, त्यांपैकी डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. डिस्क ब्रेकच्या दोन पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी सरकवावी आणि मागचा डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधावा. ई-बाइकवाल्यांना मात्र भाड्याचाच पर्याय उरतो, कारण प्रवासी विमानांत १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि ई-बाइकच्या बॅटऱ्या सहसा त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात.

याच खर्चात आग्नेय स्पेनमधील आल्मेरियाजवळचे ताबेर्नास वाळवंट बसते. तिथे वर्षभरात २५० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो आणि वाट अनेकदा रांब्ला म्हणजे कोरड्या नदीपात्रांतून जाते. मात्र पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी या पात्रांत उतरू नये. मोरोक्कोत गेल्यावर मुक्कामाचा खर्च बऱ्याचदा उतरतो, पण उंची सांभाळावी लागते. २,२६० मीटरवरील तिझी-न-तिश्का घाटात हिवाळ्यात बर्फ पडते, त्यामुळे दक्षिणेकडील अँटी-ॲटलास ही डोंगररांग आणि ताफ्राऊतचा ग्रॅनाइटचा परिसर अधिक भरवशाचा.

सामान वाहणारी गाडी आणि वाटाड्या असलेल्या सहलींचा दर मोठा असतो. निर्जन प्रदेशात तो योग्यच आहे. खुणा केलेल्या रेल्वेवाटेवर तो देण्याचे कारण मला दिसत नाही. तेवढेच पैसे हाताशी असतील आणि रजा पंधरा दिवसांची असेल, तर थेट दक्षिण गोलार्ध गाठावा. न्यूझीलंडमधील ओटॅगो सेंट्रल रेल ट्रेल ही क्लाइड ते मिडलमार्च अशी १५२ किलोमीटरची वाट २००० साली खुली झाली आणि डिसेंबरअखेरीस तिथे पंधरा तासांहून मोठा दिवस असतो. रजा आठवड्याचीच असेल तर हा बेत सोडून द्यावा. जाण्यायेण्यात आणि शरीराला तिथली वेळ मानवण्यात त्यातले निम्मे दिवस संपतात.