आधी वटवाघूळ, मग आर्किटेक्ट

(लंडनमधल्या मराठी मंडळींसमोर एका वन्यजीव सर्वेक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे ज्यांनी लॉफ्ट, म्हणजे छताखालच्या माळ्याची खोली, करून घेतलाय किंवा करायचा विचार चाललाय, त्यांनी हात वर करा बघू. अर्धा हॉल! म्हणजे आज मी योग्य जागी आले. आता ज्यांनी छत उघडण्याआधी तिथे वटवाघळं आहेत का हे बघितलं, त्यांनी हात तसेच ठेवा. दोन. मावशी, तुम्ही चष्मा नीट करत होतात, म्हणजे एकच.

मला आज सांगायचंय की इंग्लंडमध्ये घराच्या कामासाठी वटवाघळांचा सर्व्हे कसा होतो, परवाना कसा मिळतो आणि तुमचं वर्ष कसं वाचतं. पण त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती माझ्या मनातून जात नाही.

ऑक्टोबरचा महिना होता. वायव्य लंडनमधल्या एका मराठी कुटुंबाचा फोन आला. नकाशे तयार, बिल्डरला आगाऊ रक्कम दिलेली, नोव्हेंबरात छत उघडायचं. कौन्सिलने कळवलं होतं, आधी वटवाघळांचा अहवाल आणा. मी गेले, शिडी लावून माळ्यावर चढले. चिमणीच्या कडेला, फेल्टच्या, म्हणजे कौलांखालच्या अस्तराच्या, दुमडीखाली बारीक काळ्या लेंड्यांची ओळ. घरमालक म्हणाले, "उंदीर असतील हो." मी एक लेंडी बोटांत चुरगळून दाखवली. तिची भुकटी झाली. उंदराची लेंडी टणक राहते. वटवाघळाची अशी विरते, कारण त्यात असतात नुसते किड्यांचे पंख आणि कवचं. खात्रीसाठी नमुना डीएनए तपासणीला पाठवला. कॉमन पिपिस्ट्रेल निघालं. पाच ग्रॅमचा जीव, अंगठ्याएवढा, पण रात्रीत तीन हजारांपर्यंत किडे खाणारा.

मग मी त्यांना नको असलेली बातमी दिली. खूण सापडली की वटवाघळं किती, कुठून बाहेर पडतात, पिलांची जागा आहे का, हे बघावं लागतं, आणि ते मे ते सप्टेंबर याच काळात बघता येतं. हिवाळ्यात ती झोपलेली असतात, मोजणार काय? म्हणजे काम पुढच्या वर्षावर गेलं. घरमालक माझ्यावर इतके चिडले की मी जिना उतरेपर्यंत बोलत होते. "एवढ्याशा पाखरासाठी आम्ही वर्षभर थांबायचं?" पाखरू नाही, सस्तन प्राणी आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती. बिल्डरची आगाऊ रक्कमही गेली.

जूनमध्ये सर्व्हेला गेले. नियम असा की सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी जागेवर बसायचं, दीड-दोन तास हलायचं नाही, आणि संध्याकाळी किमान दहा अंश तरी तापमान हवं. हातात डिटेक्टर, म्हणजे वटवाघळांचा आपल्याला न ऐकू येणारा आवाज ऐकवणारं यंत्र, शेजारी इन्फ्रारेड कॅमेरा. साताऱ्याहून आलेल्या आजी शाल पांघरून बागेत खुर्ची टाकून बसल्या. साडेनऊ झाले, पाकोळ्या घराकडे परतल्या. आमच्या कोकणात लहान वटवाघळालाही पाकोळीच म्हणतात, मला ते नेहमी बरोबर वाटतं, कारण पक्ष्याची दिवसपाळी संपते तिथे हिची रात्रपाळी सुरू होते. मग डिटेक्टर बोलला. 45 किलोहर्ट्झला ते टपटप वाजतं, ओल्या चपलांसारखं. कौलाखालच्या, बोटही जाणार नाही अशा फटीतून एक निसटलं. मग दुसरं. आजी बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. माझ्या काउंटरवर 43, आजींच्या हिशोबात 41. रेकॉर्डिंग बघितलं तर 43. आजी म्हणाल्या, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी आल्यात ह्या." अगदी तसंच होतं! मादी वर्षाला एकच पिल्लू देते, आणि त्यासाठी साऱ्या मिळून अशा उबदार जागी येतात. घरमालक माझ्याशेजारी गवतावर बसले होते. म्हणाले, "आम्ही आठ वर्षं यांच्याखाली झोपतोय."

थोडं विषयांतर करते. ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या अठरा जाती मोजतात, त्यातल्या सतराच इथे पिलं देतात. अठरावी, मोठ्या उंदीरकान्या वटवाघळांची (ग्रेटर माउस-इअर्ड), 1990 मध्ये इथून संपली असं जाहीर झालं. मग 2002 मध्ये ससेक्समधल्या एका जुन्या रेल्वे बोगद्यात एक एकटा नर सापडला, आणि पुढे वर्षानुवर्षं तो हिवाळा काढायला तिथेच येत राहिला. त्याचा विचार आला की मला कुणाच्या बिल्डरची घाई फारशी महत्त्वाची वाटत नाही. आणि कृपा करून मला एचएस-टू या नव्या वेगवान रेल्वेने बकिंगहॅमशरमध्ये वटवाघळांसाठी केलेल्या शंभर मिलियन पौंडांच्या आडोशाबद्दल विचारू नका. लॉफ्टवाले लोक तो आकडा माझ्या तोंडावर फेकतात. एका रेल्वेमार्गाच्या हिशोबावरून तुमच्या माळ्याचा हिशोब होत नाही.

चिठ्ठी आली, सातच मिनिटं उरलीत. मुख्य विषय आता भरभर घेते.

पहिलं. 1981 च्या कायद्यानुसार आणि 2017 च्या नियमांनुसार वटवाघळं आणि त्यांचं रूस्ट, म्हणजे राहण्याची जागा, दोन्हींना संरक्षण आहे. ती त्या दिवशी घरात नसली तरी जागा मोडता येत नाही. 2020 मध्ये ग्रिनिचमधल्या एका प्रकरणात बांधकाम कंपनीला सहा लाख पौंडांचा दंड झाला. आणि हे नीट ऐका. लॉफ्टला बऱ्याचदा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, पण वटवाघळांचा कायदा तेव्हाही लागूच असतो.

दुसरं. प्राथमिक पाहणी वर्षभरात कधीही होते, मग फेब्रुवारीत बोलवा ना मला! इमारत बघून ठरतं किती संध्याकाळी बसायचं. शक्यता कमी असेल तर एक, मध्यम असेल तर दोन, जास्त असेल तर तीन, आणि दोन फेऱ्यांत किमान तीन आठवडे. जुलैपर्यंत सगळं उरकतं. "परवानगी आधी द्या, सर्व्हे नंतर करू" हे सहसा चालत नाही, कारण प्राणी आहेत की नाहीत हे परवानगीआधी कळावं अशी सरकारी सूचना 2005 पासून आहे.

तिसरं, रूस्ट सापडलं म्हणून काम रद्द होत नाही. नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्ग-संस्थेचा परवाना मिळतो. तीन कसोट्या आहेत: कामाला पुरेसं सार्वजनिक कारण हवं, दुसरा समाधानकारक पर्याय नसावा, आणि त्या जातीची स्थिती बिघडू नये. त्या कुटुंबाचं काम पुढच्या ऑक्टोबरात, पिलं उडून गेल्यावर झालं. गॅबलमध्ये, म्हणजे छताखालच्या त्रिकोणी भिंतीत, फट ठेवली, आणि आत आधुनिक श्वास घेणारं आवरण न लावता जुन्या पद्धतीचं बिटुमनचं फेल्ट लावलं, कारण नव्या आवरणाचे धागे सुटून वटवाघळं त्यात अडकून मरतात. नकाशात बदल झाला तो एका खिडकीचा. त्यांनी आर्किटेक्टच्या आधी, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत फोन केला असता तर याच खर्चात वर्ष वाचलं असतं. म्हणून माझा हट्ट आहे की पहिला फोन आम्हाला करा.

वेळ संपली म्हणतात. चहाच्या टेबलावर दोन डब्या ठेवल्यात, एकीत उंदराच्या लेंड्या, एकीत पिपिस्ट्रेलच्या. कुठली कुठली ते ओळखून सांगा. हातमोजे तिथेच ठेवलेत, आणि खाण्याआधी हात धुवा.