बेरिया कॉलेज: फी शून्य, काम सगळ्यांना

नमस्कार श्रोतेहो. आज अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका छोट्या कॉलेजबद्दल बोलायचंय. नाव बेरिया कॉलेज. मुलं जेमतेम दीड हजार, ट्यूशन फी एक डॉलरसुद्धा नाही, आणि प्रत्येक मुलाने आठवड्याला किमान दहा तास काम करायचंच, मग तो कुठल्याही विषयाचा असो. हे लिबरल आर्ट्स कॉलेज आहे, म्हणजे एकाच धंद्याचं शिक्षण न देता साहित्य, इतिहास, विज्ञान, गणित, धर्मविचार, संगीत असं सगळं थोडंथोडं शिकवणारं कॉलेज, अमेरिकेत अशी शेकडो आहेत, त्यातली कितीतरी चर्चच्या माणसांनी काढलेली. पण बेरियाची गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते, कारण त्यांनी सुरुवातीलाच जे म्हटलं ते पाळायला त्यांना फार मोजावं लागलं.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. लेक्सिंग्टन शहरापासून दक्षिणेला पासष्टेक किलोमीटर, केंटकीची सुपीक घोडेपाळीची कुरणं जिथं संपतात आणि अ‍ॅपलेशियन डोंगर सुरू होतात, बरोबर त्या शिवेवर हे गाव आहे. एका बाजूला पैसेवाले जमीनदार, दुसऱ्या बाजूला डोंगरातली गरीब माणसं. कॉलेजचं स्वतःचं जंगल आहे, हजारो एकरांचं, आणि मुलं अभ्यास संपला की तिथल्या पिनॅकल्स नावाच्या सुळक्यांवर चढायला जातात.

आता हे कॉलेज काढणारा माणूस. जॉन फी, आणि फी हे त्याचं आडनाव. त्याचे वडील गुलाम बाळगणारे शेतकरी, आणि हा मुलगा पाद्री होऊन गुलामगिरी हे पाप आहे असं उघड सांगायला लागला, तर वडिलांनी त्याला वारसाहक्कातून काढून टाकलं. वडिलांच्या घरात ज्युलेट माइल्स नावाची गुलाम बाई होती, तिला फीने विकत घेऊन मोकळं केलं. पुढे 1858 मध्ये ती आपल्या मुलाबाळांना ओहायो नदीपलीकडे, जिथं गुलामगिरी नव्हती तिथं, न्यायला म्हणून परत आली, पकडली गेली आणि तुरुंगातच वारली. ही बाई कॉलेजच्या इतिहासात कोपऱ्यातच राहते, पण मला वाटतं बेरिया समजून घ्यायचं तर तिच्यापासूनच सुरू करायला हवं, कारण फी ज्या बरोबरीबद्दल बोलत होता ती पुस्तकातली नव्हती, त्याच्या स्वतःच्या घरातली होती.

कॅशस क्ले नावाच्या गुलामगिरीविरोधी पुढाऱ्याने फीला मॅडिसन काउंटीत बोलावून जमीन दिली आणि 1855 साली तिथं एका खोलीत शाळा सुरू झाली. नाव घेतलं बायबलमधल्या एका गावाचं, जिथले लोक सांगितलेलं रोज शास्त्रात तपासून मगच मानायचे. ब्रीदवाक्यही बायबलमधलंच, देवाने पृथ्वीवरची सगळी माणसं एकाच रक्ताची केली या अर्थाचं. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात हे वाक्य दारावर लावणं म्हणजे काय, विचार करा. 1859 च्या डिसेंबरात साठेक हत्यारबंद माणसं घोड्यांवरून आली, दहा दिवसात राज्य सोडा म्हणाली, आणि शिक्षक बायकामुलांसकट गेले. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत पेटलेलं यादवी युद्ध संपल्यावर ते परत आले, आणि 1866 मध्ये वर्ग भरले तेव्हा 187 विद्यार्थी होते, त्यातले 96 काळे आणि 91 गोरे. काल परवापर्यंत विकली जाणारी माणसं आणि गोऱ्यांची पोरं एका बाकावर! दक्षिणेत तेव्हा असं कुठंच नव्हतं.

पुढे विल्यम फ्रॉस्ट हे कॉलेजचे प्रेसिडेंट झाले आणि त्यांचं लक्ष डोंगरातल्या गरीब गोऱ्या मुलांकडे वळलं. गरज तिथंही होती हे खरं, डोंगरातल्या बाया पोरांच्या खर्चापोटी घरी विणलेली पांघरुणं घेऊन यायच्या आणि त्यातूनच कॉलेजचं विणकाम उभं राहिलं. पण या काळात काळ्या मुलांचं प्रमाण घसरत गेलं, आणि हे मला आजही खटकतं, कारण एका गरिबासाठी दार उघडताना दुसऱ्याचं अर्धवट लोटलं गेलं.

मग 1904 आलं. कार्ल डे नावाच्या आमदाराने कायदा आणला की केंटकीत काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवायचं नाही. असं कॉलेज त्या राज्यात एकच होतं, म्हणजे कायदा कुणासाठी होता हे सांगायलाच नको. कार्टर वुडसन, ज्यांना काळ्या लोकांच्या इतिहासलेखनाचे जनक म्हणतात आणि ज्यांनी 1926 मध्ये नीग्रो हिस्ट्री वीक सुरू केला, ते बेरियातून 1903 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. फक्त एक वर्ष! कायदा थोडा आधी आला असता तर त्यांना ती पदवी मिळाली नसती. कॉलेज कोर्टात गेलं, एक हजार डॉलर दंड झाला, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढलं आणि 1908 मध्ये हरलं. न्यायमूर्ती हार्लन, हे स्वतः केंटकीचेच, त्यांनी मात्र या निकालाला विरोध करणारं वेगळं मत लिहिलं. त्यांचा रोख असा की, आपल्या मर्जीने एकत्र शिकायला बसलेल्या मुलांना सरकारने रंग बघून वेगळं करायचं, इतके आपण पूर्वग्रहाने भरलोय का? कॉलेजने काळ्या मुलांना खर्च देऊन फिस्कसारख्या दुसऱ्या कॉलेजांत पाठवलं आणि त्यांच्यासाठी लुइव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट उभारायला पैसा जमवला. 1950 मध्ये तो कायदा सैल झाला आणि बेरियाने लगेच पुन्हा काळ्या मुलांना प्रवेश दिला. मधली सेहेचाळीस वर्षं मात्र गेली ती गेलीच.

आता काम. हे वाचलं की आपल्याला लगेच कमवा आणि शिका आठवतं ना, मलाही कर्मवीर भाऊराव पाटीलच आठवले, 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका बोर्डिंगात राहायला आणली, स्वयंपाक एकत्र, काम एकत्र. बेरियाचा या कामाशी संबंध नाही पण विचार किती जवळचा. बेरियात मुलं शेतावर काम करतात, झाडू बांधतात, मागावर विणतात, लाकूडकाम करतात, गावातलं बून टॅव्हर्न हे हॉटेल चालवायला मदत करतात, कुणी लायब्ररीत, कुणी कॉम्प्युटर दुरुस्त करतं. आणि हे गरिबाचं पोर म्हणून लावलेलं काम नाही, कारण सगळेच करतात, त्यामुळे वर्गात झाडू बांधणारा आणि न बांधणारा असे दोन गट पडतच नाहीत. मला तर वाटतं ख्रिस्ती कॉलेज म्हणवून घ्यायला प्रार्थनेपेक्षा हा नियम जास्त उपयोगाचा आहे. तसं बेरिया कुठल्याही एका पंथाच्या चर्चचं नाही, दुसऱ्या धर्माची आणि धर्म न मानणारी मुलंही तिथं शिकतात.

पैसा येतो कुठून हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. 1892 पासून ट्यूशन फी बंद आहे. 1920 मध्ये विश्वस्तांनी ठरवलं की मृत्युपत्रातून कुणी कुठल्या कामासाठी हे न सांगता रक्कम ठेवली तर ती खर्चायची नाही, सगळी कायमनिधीत टाकायची. शंभर वर्षं हे पाळलं, आणि तो निधी आज एक अब्ज डॉलरच्या वर आहे, कॉलेजचा बराचसा खर्च त्याच्या उत्पन्नातून निघतो. एवढा पैसा आल्यावर कुणीही मोठ्या इमारती बांधल्या असत्या, श्रीमंतांच्या मुलांना ओढलं असतं. इथं मात्र उलट आहे, घरची फी भरायची ऐपत असेल तर प्रवेशच मिळत नाही.

तर श्रोत्यांमध्ये कुणाच्या घरात बारावीचं हुशार पोर असेल आणि परदेशाचं नाव काढलं की घरात पैशाचा विषय निघून सगळे गप्प होत असतील, तर हे नाव लिहून ठेवा. परदेशी मुलांनाही ते घेतात, जागा मात्र फार थोड्या आणि स्पर्धा तगडी. अर्जाच्या तारखा दरवर्षी कॉलेजच्याच साइटवर बघा, एजंटला पैसे देऊ नका. आणि पोराला आधीच सांगून ठेवा, तिथं गेल्यावर पहिल्या वर्षापासून कामावर वेळेवर जावं लागेल, भांडी घासायचं काम मिळालं तरी.

नमस्कार.