टिळक, एक आगगाडी आणि एक पेन्सिल

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय वाचन, श्रवण आणि मनन, म्हणजे ख्रिस्ती विश्वासात माणूस वाढतो कसा. विषय ऐकूनच निम्मी मंडळी चहा टाकायला उठली असतील, खुशाल उठा, फक्त रेडिओचा आवाज जरा मोठा करून जा, कारण खरं सांगायचं तर आज मी एक किस्सा सांगायला बसलेय आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूने येणार आहे.

किस्सा रेव्हरंड टिळकांचा. नारायण वामन टिळक, आपले फुलामुलांचे कवी. कोकणातल्या करजगावचे, जन्म 1861 चा, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा गाढा अभ्यास, डोक्यात सतत काहीतरी नवीन खूळ आणि नोकरी म्हणाल तर एका जागी टिकेल तर शपथ. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथा ज्यांनी वाचली असेल त्यांना मी हे सांगायलाच नको, आणि ज्यांनी वाचली नसतील त्यांनी माझं भाषण बंद करून आधी ते पुस्तक आणावं, मला अजिबात राग येणार नाही.

तर गोष्ट 1893 च्या सुमाराची. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेत, आगगाडीने, नवी नोकरी मिळते का ते बघायला. डब्यात एक गोरा साहेब. आता तो काळ कसा होता हे तुम्हाला माहितीच आहे, साहेब बसलेल्या डब्यात आपला माणूस शिरला की साहेबाच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पुष्कळदा तर चढूच द्यायचे नाहीत. पण हा साहेब निराळा निघाला, अगदी अदबीने बोलायला लागला, गप्पा सुरू झाल्या कवितेवरून, संस्कृत काव्यावरून, आणि त्या विषयावर टिळकांना कुणी बोलतं केलं की मग काय विचारता, गाडी कुठल्या स्टेशनात थांबली नि कधी सुटली याचं भान कुणाला राहणार. (आता बघा ना, डब्यात आठ माणसं आणि सोळा कानांत इअरफोन, शेजारी साक्षात येशूचा शिष्य पेत्र येऊन बसला तरी कळायचं नाही. असो.)

बोलता बोलता विषय धर्मावर आला. आणि त्या साहेबाने काय केलं, वाद घातला नाही, तुमचं कसं चुकीचं नि आमचं कसं बरोबर हे सांगत बसला नाही, बॅगेतून नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागाची, एक प्रत काढली आणि टिळकांच्या हातात दिली. म्हणाला, हे वाचा, ख्रिस्ताचं चरित्र नीट अभ्यासा, देव तुम्हाला नेतोय, तुम्ही एक दिवस ख्रिस्ती होणार. विचार करा हं, एका हिंदू पंडिताला, पहिल्याच भेटीत, भर गाडीत! मी असते तर उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले असते. टिळकांना पण ते भविष्य काही पटलं नाही. पण त्यांनी शब्द दिला. वाचीन म्हणाले.

तो साहेब त्याच्या वाटेने गेला, हे त्यांच्या. त्याचं नाव काय, गाव काय, काही कळलं नाही.

आता इथून पुढचं मला जास्त आवडतं. टिळकांना पुस्तक बघून काही फार उमाळा आला नव्हता, उलट मन जरा नाखूशच होतं, पण शब्द दिलेला, म्हणजे वाचायला हवं. आणि त्यांची वाचायची पद्धत काय, तर हातात पेन्सिल. जे लक्षात ठेवण्यासारखं वाटेल त्याच्यावर खूण करायची, असं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. आता नवा करार पहिल्यापासून म्हणजे मत्तय, आणि मत्तयाचा पहिला अध्याय म्हणजे वंशावळ, अमक्याला तमका झाला नि तमक्याला फलाणा झाला, आपल्यातले कितीतरी जण दर एक जानेवारीला इथेच गळतात, कबूल करा. टिळक पुढे गेले, दुसरा, तिसरा, चौथा, आणि पाचव्या अध्यायाला येऊन अडकले. येशूचं डोंगरावरचं प्रवचन. पाच, सहा आणि सात. तीन अध्याय, मोजून 111 वचनं, मोठ्याने वाचली तर पंधरा-वीस मिनिटांत होतात. तिथून त्यांना उठवेना. शत्रूवर प्रीती करा, उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका, उद्याची काळजी करू नका. त्यांनी पुढे स्वतःच सांगितलंय की तत्त्वज्ञानातल्या ज्या अवघड गाठींशी ते वर्षानुवर्षं झगडत होते त्यांची उत्तरं त्यांना या तीन अध्यायांत सापडली. ख्रिस्ताबद्दल अजून जाणून घ्यायची तहान लागली ती तिथे.

पण म्हणून काय दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा घेतला का? नाही. हे मी मुद्दाम परत सांगते, नाही घेतला. वाचत राहिले, शंका आल्या की पत्रं लिहून विचारत राहिले, स्वतःशी भांडत राहिले, तिकडे घरात कुजबुज सुरू. बाप्तिस्मा झाला मुंबईत, 10 फेब्रुवारी 1895 ला. मधे एवढा काळ गेला, एवढ्या हुशार माणसाला लागला, आणि आपण मात्र तीन दिवसांच्या कन्व्हेन्शनमधून परत आलो की सोमवारपासून आयुष्य बदललं पाहिजे म्हणतो.

तर वाचनाचं काय ते यात आलं. पुस्तक, पेन्सिल आणि दिलेला शब्द. परत सांगते, पुस्तक, पेन्सिल, दिलेला शब्द. सोनेरी कडांचं, चेनच्या कव्हरातलं बायबल ज्यांनी अजून खराब होईल म्हणून जपून ठेवलंय त्यांनी प्लीज त्यात एक तरी रेघ मारा. आणि ते रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर एक वचन येतं ना फॅमिली ग्रुपवर, ते वाईट नाही, मी पण पाठवते, पण ते म्हणजे गोळी पाण्याबरोबर गिळल्यासारखं, जिभेला चव लागायच्या आत पोटात.

आता श्रवण. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, दहाव्या अध्यायात लिहिलंय की विश्वास ऐकण्यातून येतो, आणि मला वाटतं मराठी माणसाला हे वेगळं पटवायची गरजच नाही, आपण सगळं कानानेच शिकलो. गोव्यात फादर स्टीफन्स, मूळचे इंग्रज, 1579 ला इकडे आले, मराठी शिकले आणि ख्रिस्ताची कथा चक्क ओव्यांत लिहिली, ख्रिस्तपुराण, जवळजवळ अकरा हजार ओव्या, 1616 ला छापलं. त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज सापडत नाही, तरी पुराण टिकलं, कारण ते कपाटात नव्हतं, चर्चमध्ये सणावारी मोठ्याने वाचलं जात होतं, लोक हाताने उतरवून ठेवत होते, पार मंगळूरपर्यंत गेलं. टिळकांचं पण तेच, ते म्हणायचे की मी तुकारामाच्या अभंगांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, म्हणून त्यांनी भजनं लिहिली, कीर्तनं केली, आणि आजही आपण 'उपासना संगीत' हे आपलं भजनांचं पुस्तक उघडलं की पानोपानी टिळकच. (एक विनंती, कीबोर्डवाल्या तरुण मंडळींना. ड्रमबीट जरा कमी ठेवा रे बाबांनो. अभंग आहे तो, टाळ पुरतो त्याला. शब्दच ऐकू आले नाहीत तर श्रवण कसलं.)

घरात काय करता येईल, तर एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत तो कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक मोठ्याने वाचत होता म्हणूनच तर सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला ऐकू गेलं आणि त्याने जवळ जाऊन विचारलं, जे वाचताय ते समजतंय का? मनातल्या मनात वाचत असता तर रथ गेला असता निघून.

आणि मनन. वेळ संपत आलीय, काचेपलीकडून हात दाखवतायत, म्हणून एवढंच सांगते. लक्ष्मीबाई नवऱ्यामागे लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी दोघं वेगळी राहिली, मग एकत्र आली तरी बाईंचं सोवळं वेगळं, चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एकदा त्या जातीचा विचार करत बसल्या, की ही जात देवाने केली का माणसाने, देवाने केली असती तर माणसामाणसात काहीतरी फरक ठेवला असता ना, जनावरांत ठेवलाय तसा. कुणाशी चर्चा नाही, पुस्तक नाही, एकट्याच. आणि उत्तर मिळाल्यावर सोवळं सुटलं ते कायमचं. बाप्तिस्मा 1900 साली, म्हणजे टिळकांच्या पाच वर्षं नंतर. पुढे टिळक 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या चरित्राचं महाकाव्य अर्धवट टाकून 1919 ला गेले, ते पुरं केलं याच बाईंनी, ज्यांना नवऱ्याने अक्षरओळखीपासून शिकवलं होतं.

त्या शिकवणीचे किस्से फार मजेशीर आहेत, पण ते पुढच्या वेळी. तोपर्यंत मत्तय पाच, सहा, सात. रोज एक अध्याय, मोठ्याने, पेन्सिल घेऊन. आता भजन ऐका, टिळकांचंच आहे. नमस्कार.