शंकेखालची नागमोडी रेघ

मित्रहो, तुमच्यातले बरेच जण नोकरी सांभाळून लिहितात, कुणी भाषांतरं करतं, कुणी चित्रं काढतं. मघाशी चहाच्या वेळी निरनिराळ्या तोंडून एकच तक्रार ऐकली. सुरुवात जोरात होते, आठ-पंधरा दिवसांत गाडी अडते आणि मग मनाला टोचणी लागून राहते. यावर उपदेश करण्यापेक्षा पुण्यात झालेल्या एका कामाची रीत तुम्हांला सांगावीशी वाटते.

हे काम म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे निरनिराळ्या पोथ्या शब्दन्‌शब्द ताडून त्यांतला जुना, भरवशाचा पाठ (मजकूर) ठरवणारी आवृत्ती. १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते तिचा आरंभ झाला. त्यांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. आवृत्ती पुरी झाली १९६६ साली. ठिकठिकाणच्या १,२५९ हस्तलिखितांचा या कामाशी संबंध आला. काश्मीरची शारदा, बंगाली, तेलुगू, दक्षिणेतली ‘ग्रंथ’ नावाची लिपी, मल्याळम, देवनागरी, अशा कितीतरी लिप्या. एवढ्या डोंगरासमोर माणूस रोज सकाळी बसतो तो कशाच्या बळावर? स्फूर्तीच्या बळावर ४७ वर्षं निघत नाहीत. मला उत्तर सापडतं ते त्यांच्या कागदात.

हा कागद जरा जवळून पाहा. फुलस्केप ताव, उभ्या-आडव्या रेघांनी आखलेला. अगदी वरच्या ओळीत प्रचलित पाठातला एकच श्लोक, सुवाच्य अक्षरात. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ नेमलेली. पोथीत जिथे वेगळं अक्षर असेल, तिथे ते वरच्या अक्षराच्या बरोबर खाली लिहायचं. उजवीकडे चार इंचांची पट्टी: पोथीत कुणी खाडाखोड केली आहे का, समासात काही भर घातली आहे का, जास्तीचा श्लोक आहे का, हे तिथे नोंदवायचं. भर फारच लांबलचक असली तर वेगळ्या कागदावर लिहून तो ‘शोधपत्र’ म्हणून जोडायचा. हे काम करायला शास्त्री होते, पदवीधर होते. शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही पाठभेद टिपले जात.

अनुष्टुभ हा महाभारतातला नेहमीचा छंद; त्याच्या एका श्लोकात अक्षरं ३२. पाठभेद टिपणाऱ्या माणसासमोर त्या घटकेला महाभारत नसायचंच. ३२ अक्षरं आणि एक पोथी, बस. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण बसतो तेव्हा टेबलावर अख्खी कादंबरी घेऊन बसतो. तिचं नाव, तिचं प्रकाशन, कोण काय म्हणेल, सगळं. मग पहिल्या वाक्याला एवढं ओझं पेलत नाही, आणि आपण म्हणतो, आज जमत नाही. जमत नाही ते वाक्य नव्हे. त्या वाक्यावर टाकलेलं ओझं जड झालेलं असतं. रोजचा तुकडा इतका लहान करा की त्याचं काम पुरं झालं की नाही हे दिवस मावळताना ठामपणे सांगता आलं पाहिजे. ‘कादंबरीवर काम केलं’ यात तसं सांगता येत नाही. ‘आजीच्या स्वयंपाकघराचा परिच्छेद लिहिला’ यात सांगता येतं.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर या कामाचे प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि नंतर बर्लिनला संस्कृत शिकलेला हा माणूस काटेकोरपणात कुणाला हार जाणारा नव्हता. त्यांच्या हातून १९३३ साली आदिपर्व पुरं झालं. ते पर्व उघडलंत तर काही शब्दांखाली नागमोडी रेघ दिसेल. जिथे पुराव्याने पक्का निर्णय होत नव्हता, तिथे त्यातल्या त्यात बरा पाठ स्वीकारायचा, खाली नागमोडी रेघ मारायची आणि पुढच्या श्लोकाकडे जायचं. शंका लपवलेली नाही आणि शंकेपायी काम थांबवलेलंही नाही.

आपल्यातले किती जण याच जागी अडकतात! तिसऱ्या पानावरची एक उपमा मनासारखी उतरत नाही, म्हणून चौथं पान महिनाभर कोरं राहतं. आपण त्याला दर्जाची चाड म्हणतो. सुकथनकरांना दर्जाची चाड कमी होती असं कोण म्हणेल? बहुतेक वेळा ती भीती असते, आणि भीतीला भीती म्हटलं की निम्मं ओझं उतरतं. रेघ मारा, पुढे चला. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळची एक जुनी पोथी उजेडात आली. सुकथनकरांनी ती आपल्या पाठाशी ताडून पाहिली, त्यावर लेख लिहिला; त्यांच्या बऱ्याच निर्णयांना तिने आधार दिला. पण तिची वाट पाहत ते बसले असते तर ताडून पाहायला हाताशी पाठच नसता.

कच्चं काम वेळेवर दाखवण्याचंही तेच. १९२३ साली ना. बा. उत्गीकरांनी संपादलेलं विराटपर्व मुद्दाम तात्पुरती आवृत्ती म्हणून काढलं, जाणकारांकडून टीका यावी म्हणून.

आता खंड पडण्याविषयी, कारण तो पडणारच. घरात आजारपण येतं, बदली होते. २१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकर वारले, वयाच्या ५५व्या वर्षी. बरीच पर्वं बाकी होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी सूत्रं घेतली, त्यांच्यानंतर प. ल. वैद्यांनी. नव्या माणसाला काम उचलता आलं, कारण कोणत्या पोथीत काय आहे हे कुणाच्या डोक्यात अडकलेलं नव्हतं, कागदावर होतं.

तुमच्या बाबतीत तो नवा माणूस म्हणजे तीन आठवड्यांनी टेबलाशी परतलेले तुम्हीच. म्हणून आज उठण्याआधी वहीत दोन ओळी लिहून ठेवा: कुठवर आलो, पुढचं वाक्य कशाबद्दल. परत याल तेव्हा बुडालेल्या दिवसांचा हिशेब मांडू नका, त्यांची भरपाई करायला रात्रीही जागवू नका. त्या दोन ओळी वाचा आणि ते पुढचं वाक्य लिहा.