मोटर गुणगुणते, पण उठत नाही

(नागपुरात हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांसमोर आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर एका मोटर-वाइंडरने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आधी एक विचारतो. जुना कॉम्प्रेसर घेतला, बटण दाबलं, मोटर नुसती 'हुंऽऽ' करते, फिरत नाही. काय कराल?

मागून आवाज आला, 'रिवाइंड'. सगळे हेच म्हणतात. मीही बरीच वर्षं हेच केलं, कारण माझं पोटच त्याच्यावर. गिऱ्हाईक मोटर घेऊन यायचं. जळालेलं तांबं काढा, नवं भरा, व्हॉर्निश मारा, भट्टीत वाळवा, पैसे घ्या. टेबलावर मोटर भिंगरीसारखी फिरायची. ती कोणत्या मशीनवर बसते हे मी कधी विचारलं नाही. तीच मोटर तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मला लाज वाटली.

ती होती साडेसात एचपीची, थ्री फेज, श्वासाच्या हवेचे सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरवरची. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो; एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेएवढा दाब. हा 300 बारचा. एका दमात एवढा दाब होत नाही, म्हणून तीन किंवा चार टप्पे असतात: पहिला सिलिंडर मोठा, शेवटचा जेमतेम अंगठ्याएवढा, आणि दोन टप्प्यांमध्ये हवा थंड करणाऱ्या नळ्या. अग्निशमनवाले पाठीवर घेतात तो 6 लिटरचा सिलिंडर 300 बारला भरला की त्यात साधारण 1800 लिटर हवा मावते. आपल्या भागात कारखाने आहेत, कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणी आहेत, त्यामुळे असे सेट भरून देण्याचं काम चालतं. नवं मशीन परवडत नाही. मग लिलावातलं, भंगारातलं घ्यायचं. माझ्या गिऱ्हाइकानेही तेच केलं होतं.

तिसऱ्यांदा मी तांबं कापण्याआधी नीट पाहिलं. जळालेलं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, बोलतं, बरं का. डेल्टात, म्हणजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात, जोडलेल्या मोटरचा चालता चालता एक फेज उडाला तर एकाच फेजच्या कॉइली कोळसा होतात, बाकी दोन चांगल्या राहतात. स्टारमध्ये, म्हणजे तिन्हींचं एकेक टोक एकत्र बांधलेलं असेल तर, उलटं: दोन जळतात आणि एक कोरी राहते. एकाच जागी तांबं वितळलेलं असेल तर तिथे शॉर्ट झालं. इथे तिन्ही फेज सारखेच काळे होते. म्हणजे फेज उडालेला नाही, माझं इन्सुलेशनही कच्चं नाही. मोटर ओझ्याखाली मेली होती.

रिवाइंड करून दिली, पण या वेळी सोबत मीही गेलो.

सगळ्यात आधी पट्टा काढा. पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही. पट्टा काढला की मोटर वेगळी आणि कॉम्प्रेसर वेगळा. दोघांची भांडणं तिथेच मिटतात. एकटी मोटर लगेच उठली. तारेभोवती अडकवून करंट मोजतात त्या क्लॅम्प मीटरवर साडेचार अँपिअर. नेमप्लेटवर 11 होते, आणि रिकाम्या मोटरला या मापात तिसरा हिस्सा ते निम्मा करंट लागतोच. बेअरिंगचा आवाज नाही, तिन्ही फेजवर करंट सारखा. मोटर निर्दोष.

मग मेन स्विच काढला, फ्यूज खिशात घातले, प्रत्येक टप्प्याचा ड्रेन, म्हणजे पाणी आणि हवा सोडायचा नळ, हाताने उघडून हवा सोडली, आणि पुली हाताने फिरवली. हा क्रम सोडू नका. आत दाब अडकलेला असताना पुलीला हात लावला तर ती उलटी फिरून बोटं घेऊन जाईल. पुली मऊ फिरली. पट्टा चढवला, ड्रेन उघडेच ठेवून बटण दाबलं. मशीन सुरू! ड्रेन बंद केले, काटा चढत गेला, दहा-साडेदहा अँपिअर. मालक खूश. मी म्हटलं, थांबा, आता बंद करून परत चालू करा.

हुंऽऽ.

ही मशीनं बंद झाली की ऑटोमॅटिक ड्रेनचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, साचलेलं पाणी आणि टप्प्यांमधली हवा फुस्सकन बाहेर जाते. पुढच्या वेळी मोटरला रिकामं मशीन ओढायचं असतं. या मशीनवर त्या नळीच्या तोंडात चक्क बोल्ट ठोकलेला होता, टेफ्लॉन टेप गुंडाळून. मी विचारलं, हे काय? मालक म्हणाला, "काय करू भाऊ, सारखं फुसफुसून राहिलं होतं. हवा वाया जाऊन राहिली होती ना!"

म्हणजे मोटर दर वेळी भरल्या दाबावर उठायचा प्रयत्न करत होती, तोही स्टार-डेल्टा स्टार्टरवर. हा स्टार्टर मोटर आधी स्टारमध्ये उठवतो, मग डेल्टावर टाकतो. स्टारमध्ये मोटरचा करंट एक तृतीयांश होतो हे सगळ्यांना पाठ असतं. ताकदही एक तृतीयांशच होते हे विसरतात. त्यात शेडपर्यंत बारीक वायर. बटण दाबून ठेवून मोटरच्या टर्मिनलवर मोजलं तर फेज-फेज 340 व्होल्ट. पॅनेलवर मात्र 415 दिसत होते, म्हणून मोजायचं ते मोटरच्या डब्यात, आणि करंट ओढत असताना. ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. 340 भागिले 415, त्याचा वर्ग म्हणजे दोन तृतीयांश. त्याचा पुन्हा एक तृतीयांश. शंभरातली जेमतेम बावीस हिस्से ताकद उरली, आणि तिने भरल्या दाबाचं मशीन उचलायचं! देवालाही जमणार नाही.

तुम्ही म्हणाल, जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले काय करत होता? हा माझा आवडता भाग आहे. स्टार-डेल्टामध्ये रिले पुष्कळदा लाइनमध्ये नसतो, वाइंडिंगच्या तारेत असतो. तिथे डेल्टात लाइनच्या 0.58 पट करंट वाहतो, म्हणून 11 अँपिअरच्या मोटरला रिले 6.4 वर लावायचा. कोणीतरी "ट्रिप होऊन राहिला" म्हणून तो 11 वर नेला होता. नेमप्लेटशी जुळतंय, सगळं बरोबर दिसतंय! पण त्या जागी 11 म्हणजे लाइनमध्ये 19 अँपिअर होईपर्यंत रिले गप्प. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ही मोटर तासन्‌तास 13 अँपिअर ओढत बसली असेल आणि कोणाला पत्ता नाही.

आणि मे महिना नागपूरचा आहे हे विसरू नका. साध्या मोटरच्या नेमप्लेटवरची ताकद 40 अंश हवेसाठी असते. आपल्याकडे सावलीतच पारा 45 ओलांडतो, पत्र्याखालचं तर विचारूच नका. वाइंडिंग दहा अंश जास्त तापलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्यात ठोकताळा आहे. भरायचं काम पहाटे करा, मशीन भिंतीपासून दूर ठेवा. फेज उलटे लागले तर मोटर उलटी फिरते आणि पंख्याच्या पुलीची हवा नळ्यांवर न जाता दुसरीकडे जाते. मशीनवरचा दिशेचा बाण बघा, आणि उलट असेल तर कोणतेही दोन फेज बदला.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. बंद पडलेली मोटर जुलैत ओल धरते. चालू करण्याआधी 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावा. एक मेगओमच्या खाली असेल तर बटणाला हात लावू नका. झाकण काढून जवळ 200 वॉटचा बल्ब लावून रात्रभर ठेवा. बऱ्याचदा 'बॉडी शॉर्ट' म्हणून माझ्याकडे आलेल्या मोटरी बल्बनेच बऱ्या झाल्या. त्या कामाचे पैसे मागायला मला संकोच वाटतो. माझ्या मुलाला वाटत नाही.

सिंगल फेजचं थोडक्यात सांगतो. घरगुती 2-3 एचपीची मोटर गुणगुणली आणि पट्टा काढून हाताने गिरकी दिल्यावर त्या दिशेने पळाली, तर वाइंडिंगला दोष देऊ नका. उठताना धक्का देणारा स्टार्टचा कपॅसिटर गेलाय, किंवा मोटरने वेग घेतल्यावर तो कपॅसिटर तोडणारा आतला सेंट्रिफ्युगल स्विच उघडाच अडकलाय. उलट, स्विच उघडतच नसेल तर नवीन कपॅसिटरही काही मिनिटांत फुगतो, म्हणून दोन्ही पाहा. कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी दाखवायची सवय सोडा. बल्बमधून डिस्चार्ज करा.

आणि परदेशी जुनं मशीन घेताना नेमप्लेटवर 60 हर्ट्झ आहे का ते वाचा. 230 व्होल्ट, 60 हर्ट्झची मोटर आपल्या 50 वर लावली की लोखंडात चुंबकत्व वीस टक्के जास्त जातं. ती रिकामी असतानाच गरम होते आणि कण्हते. 1725 फेऱ्यांच्या जागी 1440 च्या आसपास फिरते, म्हणून हवाही कमी. मग कोणी हुशार मोटरची पुली मोठी करतो, हवा वाढते, आणि मोटर माझ्याकडे येते.

सिलिंडरची चाचणी झाली नसेल तर भरू नका, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. गॅस सिलिंडरचे नियम ज्या 'पेसो' खात्याकडे आहेत, त्याचं मुख्यालय आपल्याच गावात आहे. आपल्याला 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही. आणि श्वासाची हवा आहे, म्हणून हवा खेचणारी नळी गाड्यांच्या धुरापासून लांब ठेवा.

मगाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, त्या मालकाने शेवटी काय बदललं. जाड केबल टाकली, रिले 6.4 वर आणला, आणि बोल्ट काढला. मोटरला मी पुन्हा हात लावला नाही. मशीन अजून चालू आहे, आणि बंद होताना जोरात फुसफुसतं.

हा तो बोल्ट. टेफ्लॉन अजून चिकटलेलं आहे. मागच्या रांगेपर्यंत फिरवा, पण परत द्या.