गिमलीला जाल तेव्हा रिव्हर्टनपर्यंत जा

नमस्कार मंडळी.

इथे कॅनडात, विनिपेगमध्ये राहणारी आपली बरीच मराठी कुटुंबं उन्हाळ्यात गिमलीला जाऊन येतात. विनिपेगहून तासाभराचा रस्ता, पुढे समुद्रासारखं पसरलेलं विनिपेग सरोवर, धक्का, व्हायकिंगचा पुतळा. फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मला बोलायचंय ते त्या गावाच्या पहिल्या दोन हिवाळ्यांबद्दल.

२१ ऑक्टोबर १८७५ला आइसलँडची माणसं गिमलीच्या दक्षिणेला, विलो पॉइंटला उतरली. थंडी तोंडावर आलेली. समुद्रावर मासेमारी केलेल्या या लोकांना गोठलेल्या सरोवरात, बर्फाखाली जाळं लावणं नव्याने शिकावं लागलं. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली. त्यांची शंभरावर माणसं गेली.

साथीने सँडी बारची आदिवासी वस्ती तर जवळजवळ पुसलीच. तिथला जॉन रॅम्झी मला विसरता येत नाही. त्याची जमीन सरकारने या नव्या लोकांच्या वाट्याला घातली होती, आणि तरीही त्यांच्या उपाशी घरांत शिकार पोहोचवली ती त्यानेच. त्याची बायको बेट्सी देवीने गेली. तिच्या थडग्यावर त्याने संगमरवरी शिळा बसवली. गिमलीच्या उत्तरेला, रिव्हर्टन गावाजवळ ती आजही आहे.

साथ ओसरली आणि सप्टेंबर १८७७मध्ये या लोकांनी स्वतःच्या भाषेत वर्तमानपत्र काढलं, ‘फ्रामफारी’. घरात पुरेसं अन्न नाही, आणि छापखाना मागवतात! १८८०मध्ये ते बंद पडलं, पण त्या वर्षांचं कितीतरी आज आपल्याला कळतं ते त्याच्यामुळे. १८७८मध्ये त्यांनी आपल्या वसाहतीची घटनाही लिहून काढली.

ऑगस्टमधला त्यांचा उत्सव, ‘इस्लेंडिंगादागुरिन’, १८९०मध्ये विनिपेगला सुरू झाला आणि १९३२पासून गिमलीत भरतो. तिथे विनारतेर्ता मिळतो, सुक्या प्लमच्या सारणाचा थरांचा केक. जरूर खा, त्यात आपली वेलची असते.

भाषा मात्र मागे पडली. ‘लोगबेर्ग-हेइमस्क्रिंगला’ हे त्यांचं वर्तमानपत्र विनिपेगहून अजून निघतं, पण बहुतेक इंग्रजीत. तरी १९५१मध्ये समाजाने पैसे उभे करून मॅनिटोबा विद्यापीठात आइसलँडिकचं अध्यासन सुरू केलं.

आपला गणपती दणक्यात होतो, दिवाळीला हॉल पुरत नाही. याचा मला मनापासून आनंद आहे. पण या शहरात पहिली मराठी कुटुंबं कशी आली, कुठे राहिली, पहिला हिवाळा त्यांनी कसा काढला, हे आपण कुठेच लिहून ठेवलेलं नाही. ती माणसं आज याच हॉलमध्ये बसली आहेत. काका-काकूंकडे जाऊन त्यांच्या आठवणी मराठीतच रेकॉर्ड करायला मला चार-पाच जण हवे आहेत. चहाच्या वेळी मला भेटा.

आणि पुढच्या ऑगस्टच्या सहलीची बस गिमलीहून परत फिरवू नका. तासभर जास्त जाईल, पण बेट्सी रॅम्झीच्या थडग्यापर्यंत मुलांना घेऊन जाऊ.